तीर्थाची पळी

एकदा एका गावातल्या विष्णुमंदिरात भलताच प्रसंग ओढवला. देवाच्या चांदीच्या पादुका नाहीशा झाल्या आणि गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याने भर बाजारात वृद्ध आचार्यांना ‘चोर’ म्हणून थोबाडीत मारली. ज्यांच्यापुढे गावाच्या तीन पिढ्यांनी मान तुकवली, त्यांच्या गालावर पाच बोटे उमटली! शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या शिष्याने हे डोळ्यांदेखत पाहिले. चौथ्या दिवशी पादुका देवळातच, वस्त्रांच्या पेटीमागे सापडल्या. पण ‘चोर’ म्हणताना सरसर चाललेली गावाची जीभ ‘चुकलो’ म्हणायच्या वेळी टाळ्याला चिकटली. व्यापारीही घरात दडून बसला.

पुढे एकादशी आली. पूजा आटोपली. आचार्यांचा हात हल्ली कापत असे, म्हणून तीर्थाची पळी त्यांनी प्रथमच शिष्याच्या हाती दिली आणि बजावले, “तीर्थ देताना तळहात पाहायचा, तोंड पाहायचे नाही. या देवळाची रीत आहे ती.”

शिष्य मान खाली घालून तीर्थ देत चालला. मध्येच कुणीतरी खोकले आणि त्याची नजर वर गेली. समोर तोच व्यापारी! शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. व्यापाऱ्याचा पसरलेला तळहात तसाच कोरडा ठेवून त्याने पळी शेजारच्या हाताकडे वळवली. खरे सांगायचे, तर त्याला फार बरे वाटले.

“थांब!”

आचार्य उठले. त्यांनी शिष्याच्या हातून तीर्थाचे भांडे घेतले आणि सगळ्यांदेखत पायरीजवळच्या मोरीत उपडे केले. रांगेतल्या बायका “अगं बाई!” म्हणत मागे सरल्या. एकादशीचे तीर्थ मोरीत! शिष्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

“गुरुजी, हे काय केलेत? त्याने तुम्हांला मारले होते हो!”

“मारले. गाल माझा आहे, मी विसरलेलो नाही. ‘तू चुकलास,’ असे मी उद्या चावडीवर चारचौघांत त्याला तोंडावर सांगणार आहे. ते माझे आणि त्याचे भांडण. पण तू ते देवाच्या पळीने भांडायला निघालास! बाळ, एकाला डावलून वाटले ते तीर्थ राहत नाही, नुसते पाणी होते. पाणी मोरीत गेले, त्याचे काय एवढे? त्याने मला चोर म्हटले, ते खोटे होते. पण त्याच्या वाट्याचे देवाचे देणे आज तू अडवून ठेवलेस. तुला काय म्हणायचे, ते तूच सांग.”

शिष्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. “पळी काढून घ्या गुरुजी. माझी योग्यता नाही.”

“काढून घेतली, तर शिकशील कधी? जा, विहिरीचे ताजे पाणी आण.”

पुन्हा अभिषेक झाला, तुळस पडली. शिष्य पुन्हा रांगेतून निघाला. भेगाळलेले हात आले, मेंदीचे आले, थरथरणारे आले. प्रत्येकावर तो पळी ओतत गेला. मान एकदाही वर झाली नाही.

भांडे देवापुढे ठेवून त्याने वळून पाहिले. व्यापारी ओला हात डोक्यावरून फिरवत उभा होता आणि त्याची नजर जमिनीला खिळली होती. इतक्या हातांतला त्याचा हात कोणता होता, हे शिष्याला काही केल्या आठवेना.