रणनवरेसाहेबांचं मांजर

पाचगणीच्या आमच्या सोसायटीतला पाणी तापवायचा बॉयलर दिवाळीतच बंद पडला. तेव्हापासून म्हातारी माणसं गार पाण्याने अंघोळ करत होती, नाहीतर करतच नव्हती. नवा बॉयलर घ्यायचा की हीट पंप, यावर अध्यक्ष रणनवरेसाहेब बैठकीमागून बैठक घेत राहिले. माघाची थंडी आली तरी निर्णय नाही.

त्या दिवशीची बैठक साहेबांच्याच घरी होती. सगळे शाली गुंडाळून जांभया देत बसले होते.

"हा पंप म्हणे बाहेरच्या हवेतली ऊब ओढतो," साहेब म्हणाले. "बाहेर दात वाजतायत. गार वस्तूतून ऊब काढून मला इथे, आत्ता दाखवा. लगेच सही करतो. नाहीतर बॉयलर."

शेवटी तळमजल्यावरच्या मृणालिनीबाईंनी थकल्या आवाजात विचारलं, "साहेब, तुमचं मांजर कुठंय?"

"फ्रिजच्या मागे. थंडीभर तिथेच झोपतं."

"तिथे जरा हात लावून या."

साहेब गेले आणि हात चोळत परत आले. "गरम आहे."

"आतल्या दुधातली, भाजीतली ऊब ओढून फ्रिज मागे टाकतो. पंप ती बाहेरच्या हवेतून ओढून आपल्या पाण्यात टाकेल."

साहेबांनी पेन काढलं, पण गप्प बसवेना. "म्हणजे माझ्या मांजराला हे शास्त्र कळत होतं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"शास्त्र नसेल कळत," बाई शाल सावरत उठल्या. "पण थंडी वाजली तेव्हा त्याने बैठक नाही बोलावली."