सोलर कुणाच्या पट्टीचं?

“भाड्यानं कशाला, चाचा? पोरगी राहणारी आहे.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी दुकानाच्या पायरीशी वाकून चपलेचा बंद सोडवत होते. मामांना वाटलं असावं, मी अजून कोपऱ्यावर केळी घेतेय.

मामा म्हणजे माझे सासरे, भूपाल. मिरजेत आमच्या लोकांत सासऱ्यांना मामाच म्हणतात.

बंद सुटला. तरी मी वाकलेलीच राहिले.

“कोण राहणारी?” आतून म्हाताऱ्या आवाजानं विचारलं.

“त्रिशला. माझी सून. हल्लीच्या पोरी घरात येतात त्याच मुळी बाहेरचं दार कुठाय ते बघत. ही तशी नाही. गच्चीवर कढीपत्ता लावलाय हिनं. आता कढीपत्ता काय सहा महिन्यांत हाताला येतो? राहायचं नसलेली बाई कढीपत्ता लावत नसती.”

कढीपत्ता मी लावला नव्हता. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, फेकायला दिलेलं रोप फेकवलं नाही. कुंडी रिकामी होती, त्यात खोचलं.

आणि जानेवारीत आम्ही जाणार आहोत.

अभिनंदनला, माझ्या नवऱ्याला, नेदरलँडमध्ये नोकरी लागलीय. व्हिसाची कागदं माझ्या कपाटात साड्यांखाली आहेत. तीन वर्षांसाठी, असं घरी सांगायचं ठरलंय. प्रत्यक्षात त्यानं तिथं जी घरं बघितलीत ती सगळी शाळेजवळची आहेत.

सांगायचं काम त्याचं. “मी बघतो. तू मधे पडू नकोस,” असं तो दसऱ्याआधी म्हणाला होता.

मी पडले नाही. मधे न पडणं मला लहानपणापासून चांगलं जमतं.

मी केळ्यांची पिशवी जरा वाजवली आणि आत गेले.

“ये की,” मामा घाईनं म्हणाले. “चाचा, ही बघा. पाया पड गं. माझे गुरू आहेत.”

दस्तगीरचाचा ऐंशीच्या पुढचे. भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर तंबोऱ्याची दांडी, हातात पॉलिश पेपर. आयुष्यभर तंबोरे केले. मामा रेल्वेत पार्सल ऑफिसला होते, तेव्हा ड्यूटी संपली की अकरा वर्षं इथं येऊन काम शिकले. धंदा म्हणून केलं नाही कधी. पण घरात फ्रीज आणायचा झाला तरी आधी इथं येऊन विचारायचं, ही सवय राहिली ती राहिलीच.

फ्रीजच्या वेळी चाचा म्हणाले होते, “घे. दार नीट लागतंय का बघ.” मामा ते अजून सांगतात, मोठं काही मिळाल्यासारखं.

मी वाकले. चाचांनी हात वर केला.

“बस पोरी. तिकडं नको, तिथं सरस सांडलाय. चिकटून बसशील, मग भूपाल म्हणायचा बघा कशी राहिली.”

मामा खो खो हसले. मग एकदम थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी केळी सोलायला घेतली. ऐकलेलं वाक्य तोंडावर दिसू नये म्हणून हाताला काहीतरी लागतं.

“हां, तर चाचा,” मामांनी खिशातून कागद काढला. “तुम्ही सांगाल तसं. कंपनीचा माणूस येऊन गेला. दोन वाटा आहेत. एक, सोलर त्यांचं, गच्ची आपली, महिन्याला भाडं द्यायचं. पुसणं-धुणं त्यांच्याकडं, बिघडलं तर त्यांच्या डोक्याला ताप. वीस वर्षांचा करार.”

“आणि दुसरी?”

“विकत घ्यायचं. रिटायर होताना मिळालेलं आहे थोडं. ते सगळं जाईल त्यात. पण मग आपलं ते आपलं.”

“घरची काय म्हणते?”

“ती म्हणते भाड्यानं घ्या. तिला काय, उद्या पातेलीपण भाड्यानं आणील.” मामा पुढे सरकले. “पण चाचा, मला त्या करारात एक शब्द टोचला. पहिल्याच पानावर. ‘घर सोडल्यास.’ मी त्या पोराला म्हटलं, खोड ते. तो म्हणाला, काका, छापील आहे. मी म्हटलं, कोण सोडतंय घर?”

चाचांनी पॉलिश पेपर उलटा केला.

“ऊन मात्र फुकटच पडतं ना अजून?” त्यांनी विचारलं. “माझे भोपळे पाच-पाच महिने पडून असतात वर. मला अजून बिल आलं नाही.”

“चेष्टा करू नका हो. उद्या चेक द्यायचाय.”

“उद्या?”

“उद्या. विकतच घेतो म्हटलंय त्याला. फक्त तुमच्या तोंडून एकदा...”

चाचांनी हात पुढे केला. मामांनी कागद दिला. त्यावर आमच्या गच्चीचं चित्र होतं. पाण्याची टाकी, जिन्याचं डोकं, आणि मधे तीन ओळींत बारा चौकोन.

चाचांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला.

“बारा?”

“बारा.”

“कुणाच्या पट्टीचं आहे हे?”

मामा हसले. “चाचा, हे वाजत नाही.”

“नसेल वाजत. पण कुणाच्या पट्टीचं?”

मला कळलं नाही. मामांना कळलं, आणि त्यांना ते सांगायलाही आवडलं. ते माझ्याकडे वळले. “तंबोरा करायला आलेल्या माणसाला चाचा पहिलं हेच विचारतात. पट्टी कुणाची? गाणार कोण? बाईचा आवाज पेटीवरची काळी चार-पाच, तर भोपळा लहान. पुरुषाचा काळी एक, तर हा एवढा. गाणारा समोर येऊन ‘सा’ लावल्याशिवाय चाचा भोपळ्याला हात लावत नाहीत.”

“तर?” चाचा म्हणाले.

“तर काय... घराच्या पट्टीचं.” मामा बोटं दुमडत मोजू लागले. “खाली आम्ही दोघं. वर ही दोघं. वरच्या खोलीत एसी घालायचाय, अभिनंदनला उकडतं. मग विजेवरची स्कूटर, त्रिशलाला. कपड्याचं मशीन वर वेगळं. आणि पुढं...” त्यांनी आवाज खाली आणला. मी दोन हातांवर बसलेली असताना आवाज खाली आणण्यात काय मिळतं ते त्यांनाच ठाऊक. “पुढं घरात माणसं वाढतीलच की. आत्तापासूनच बारा लावून टाकलेली बरी.”

केळ्याचं साल माझ्या हातात मधेच तुटलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. तार घट्ट झाली की नाही ते बोटानं चाचपावं, तेवढंच.

मी खाली पाहिलं.

...

“भूपाल,” चाचा म्हणाले, “तो काढ खाली.”

“कुठला?”

“तुझा.”

मामांचा चेहरा जरा उतरला. “जवारीला टाकलाय तो. असू दे की तिथंच.”

“किती वर्षं झाली जवारीला?”

“झाली असतील... चौदा.”

“चौदा वर्षं मी काय जवारी करतोय? काढ.”

जवारी म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवणं, दोन-चार दिवसांचं काम. मामा उठले. मागच्या भिंतीवर छताजवळ, मळक्या निळ्या गवसणीत, काहीतरी मोठं टांगलेलं होतं. मामा स्टुलावर चढले. साठीच्या पुढचा माणूस स्टुलावर चढला की मला नेहमी धास्ती वाटते. मी उठून स्टूल धरलं. त्यांनी ते ओझं माझ्या हातांत सोडलं.

“सांभाळ,” म्हणाले. “भारी आहे.”

तसा तो भारी नव्हता, आतून पोकळच. पण भोपळा एवढा मोठा होता की माझे हात त्याच्याभोवती पुरेनात. खाली बसवून मी गवसणीची नाडी सोडली. आत लाल लाकूड, कडेला वेलबुट्टी. एकेक पान कोरलेलं. तारांना गंज चढलेला.

“हे तुम्ही केलंय, मामा?”

चाचाच म्हणाले, “दोन वर्षं लागली ह्याला. ड्यूटीवरून यायचा तो गणवेशातच बसायचा. असा भोपळा त्या वर्षी सगळ्या गाड्यांत एकच आला होता. त्यानं तो गाडीवरनं उतरताना बघितला आणि मिठीच मारली.”

“कुणासाठी?”

“अभिनंदनसाठी,” मामा म्हणाले.

अभिनंदन न्हाणीघरातसुद्धा गात नाही. मोबाईलवर गाणं लागलं तर पुढचं लावतो.

“सात वर्षांचा होता,” मामा म्हणाले. “जिनमंदिरात आरती म्हणायचा. गोड म्हणायचा. लोक वळून बघायचे.” त्यांनी गवसणीवरची धूळ झटकली. ती परत तिथंच बसली. “माझ्या वडिलांचा आवाज काळी एकचा. म्हटलं, त्याच वळणावर जाणार. मोठा झाल्यावर लागेलच. आत्तापासून केला तर...”



चाचांनी मांडीवरची दांडी बाजूला ठेवली.

“पोरी, आमच्या कामात एक आहे. मुलग्याचा आवाज फुटायच्या आधी त्याचा तंबोरा कुणी करत नाही. बाप सोन्याची नाणी घेऊन आला तरी. म्हणायचं, घेऊन जा पोराला, मिसरूड फुटली की आण. त्याचा त्याला ‘सा’ सापडू दे.”

“हे मामांना माहीत नव्हतं?”

“माझ्याकडंच शिकलाय. चांगलं माहीत होतं.”

मामा गालात हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. “दुसऱ्याच्या पोराला लावायचा नियम आहे तो.”

बाहेरून कुणीतरी मोटारसायकल थांबवून विचारलं, चाचा, घोडी झाली काय? चाचा म्हणाले, मंगळवारी ये. तो गेला.

“आवाज फुटला तेव्हा,” मामा मलाच सांगत होते, पण बघत होते तारांकडे, “इथंच आणलं होतं त्याला. ह्याच्यासमोर बसवलं. म्हटलं, लाव सा. त्यानं लावला. काळी एक सोडून कुठल्या कुठं गेला. मी तारा उतरवल्या, चढवल्या. परत लाव म्हटलं. चार वेळा लावायला लावला. पाचव्यांदा तो उठला आणि चप्पल घालून घरी गेला.”

“रागावून?”

“रागावून नाही गं. मला वाईट वाटू नये म्हणून हसत हसत गेला. तेव्हापासून मी काही विचारलं की तो असाच हसतो. हो अण्णा, बघू अण्णा. पोटातलं काही सांगत नाही.”

ते हसणं मला माहीत आहे. दसऱ्याला सोनं देताना मामांनी त्याला विचारलं होतं, वरच्या खोलीला रंग कुठला द्यायचा? तेव्हा तो तसाच हसला होता. आणि मी बाजूला ताट धरून उभी होते.

...

मामांनी नाक ओढलं. तंबोरा गवसणीत परत घालू लागले.

“जाऊ दे. जुनं झालं ते. चाचा, तुम्ही सोलरचं सांगा. मी विकत घेऊ ना?”

चाचांनी पॉलिश पेपरही खाली ठेवला.

“घे म्हणा एकदा. म्हणजे मी मोकळा.”

चाचा त्या भोपळ्याकडे बघत राहिले.

“तू तो भोपळा उचललास,” ते म्हणाले, “तेव्हा मी हिथंच बसलो होतो. ह्याच जागेवर. मी विचारलं, पट्टी कुणाची? तू म्हणालास, माझ्या पोराची, मोठा झाल्यावर. मला कळलं हे चुकतंय. त्याच क्षणाला कळलं.”

“चाचा...”

“तू किती खुशीत होतास. तोंड बघून माझी जीभ उचलली नाही. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या तू भोपळा भिजत घातलास. परवा तोंड कापलंस, काटक्या लावून ताणलंस. मग म्हटलं, आता काय सांगायचं. दोन वर्षं मी रोज तुझ्या पानांची तारीफ केली.”

मामांचे हात नाडीवर थांबले.

“तुम्ही काय करणार,” ते हळू म्हणाले. “माझीच हौस.”

“हौस तुझी. गप्प मी बसलो.”

दुकानात लाखेचा वास भरून राहिला होता. बारा चौकोनांचा कागद जमिनीवर पडला होता, त्याच्या कोपऱ्यावर केळ्याचं साल. मी ते उचललं. कागदाला डाग पडला होता. मी पदरानं पुसायला गेले आणि तो आणखी पसरला.

“तरी पण,” मामा लहान मुलासारखे म्हणाले, “आज सांगा. घेऊ का?”

चाचांनी पॉलिश पेपर पुन्हा हातात घेतला, दांडी मांडीवर ओढली. माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नसावं.

“मला नको विचारू, भूपाल. ज्याला ठाऊक आहे त्याला विचार.”

मामांना कळेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात आम्ही तिघंच होतो.

पेपर लाकडावर घासू लागला... सुर्र, सुर्र.

अभिनंदन आठवला. मधे पडू नकोस. साड्यांखालची कागदं आठवली. मामांनी उद्यासाठी इस्त्री करून ठेवलेला सदरा आठवला, बँकेत जायचा. हे मी दसऱ्यालाच बोलायला हवं होतं. मग मामांनी वरच्या खोलीसाठी आणलेला रंगाचा डबा तरी वाचला असता.

आवाज आला तो मलाही ओळखू आला नाही.

“मामा... विकत घ्या, नाहीतर भाड्यानं घ्या. पण तुम्हा दोघांपुरतंच घ्या.”