त्रैक्याच्या सणाची एक मेणबत्ती

"बाकीच्या दोन कुठे आहेत?" कप्तान दों आल्वारू गरजला, आणि अख्ख्या चर्चने वेदीवरची नजर काढून माझ्याकडे वळवली.

पवित्र त्रैक्याचा सण होता. पित्याची एक, पुत्राची एक आणि पवित्र आत्म्याची एक अशा तीन मोठ्या मेणबत्त्या त्या दिवशी वेदीवर लावायच्या, हा आमच्या गावचा रिवाज. लावायचं काम माझं. आणि मी लावली होती एक! कारण काय, तर उरलेल्या दोन वरच्या फळीवर होत्या आणि शिडी विहिरीपाशी होती. माझ्याइतका आळशी माणूस वसईपासून आगाशीपर्यंत शोधून सापडला नसता. पण हे कप्तानाला कोण सांगणार?

"साहेब," मी म्हणालो, "पाद्रीबाबाच शिकवतात ना, तिघे मिळून देव एकच! म्हणून एकच लावली!"

बोललो आणि स्वतःवरच खूश झालो. मूर्खपणा करावा तर असा! कारण हा फिरंगी कप्तान साधा शिपाईगडी नव्हता. पोर्तुगालच्या विद्यापीठात तर्कशास्त्र शिकून आलेला. येताना त्याने तोफांपेक्षा ग्रंथच जास्त आणले होते. आमची भाषाही शिकला होता, तीसुद्धा वाद घालता यावा म्हणून. किल्ल्यात वाद घालायला कोणी उरलं नाही की तो घोड्याशी बोलतो, असं त्याचा मोतद्दार सांगायचा. माझं उत्तर ऐकून त्याचे डोळेच लकाकले.

"अस्सं? मग सिद्ध कर! जगातली एक तरी गोष्ट दाखव, जी तीनही आहे आणि एकही आहे. एकाचे तीन तुकडे चालणार नाहीत, एकाची तीन सोंगंही चालणार नाहीत! पुढच्या रविवारपर्यंत मुदत. नाही जमलं तर चर्चमागची खोली रिकामी कर आणि गलबतावर वल्ही मारायला जा!"

वल्ही! ज्याला विहिरीवरून शिडी आणवत नाही, तो समुद्र काय वल्हवणार, कपाळ!

मी पाद्रीबाबांचे पाय धरले. ते बिचारे म्हणाले, "दुमिंग, हे शिकवता शिकवता माझे केस पिकले. पण कोणी 'कसं?' म्हणून विचारलं की मी डोळे मिटून प्रार्थनाच सुरू करतो."

घरी बायकोने, रेमेदने, आरती ओवाळलीच. "खोली गेली तर मी कोंबड्या घेऊन कुठे जाऊ? शिडी आणताना हात झिजले असते का तुमचे?" पण शेवटी तिनेच माझ्या हातात नारळ ठेवला. "हा न्या. करवंटी, खोबरं, पाणी! तीन आणि एक!"

रविवारी मिस्सेची प्रार्थना संपली. कप्तान खुर्ची टाकून बसला आणि मी नारळ पुढे केला. त्याने तो फोडला, गटागटा पाणी प्यायला आणि मिशा पुसल्या.

"पाणी संपलं. देवाचा एखादा भाग असा पिऊन टाकता येतो का? हे झाले तुकडे! पुढे?"

"पुढचं उदाहरण तुम्हीच, साहेब! बाईसाहेबांचे नवरे, तुमच्या लेकाचे वडील, आमचे कप्तान!"

"ही माझी सोंगं! पुत्र पित्याशी बोलतो. मी माझ्याशीच बोलू लागलो तर लोक मला बांधून ठेवतील!"

घोड्याची गोष्ट जिभेवर आली होती, गिळली. त्या दिवशी मी शिडी मात्र आणली होती. जन्मात पहिल्यांदा! दारं-खिडक्या लावल्या, तिन्ही मेणबत्त्या पेटवल्या आणि म्हणालो, "ज्योती तीन, पण उजेड एकच! कुठला कोणाचा, ते वेगळं करून दाखवा!"

पाद्रीबाबांचा चेहरा खुलला. मीही मान ताठ केली. तेवढ्यात कप्तान उठला आणि त्याने फुंकर मारून एक मेणबत्ती विझवली.

"उजेड कमी झाला. म्हणजे पुन्हा हिस्सेच! संपलं?"

संपलंच होतं. दाराशी रेमेद उभी होती. तिच्या एका काखेत बोचकं, दुसऱ्या काखेत कोंबडी. माझ्यावर तिचा किती विश्वास होता ते दिसलंच! पण तिचे डोळे भरले होते, आणि ते पाहून मला खरोखर भीती वाटली. वल्ह्यांची नाही. माझ्या आळसापायी ही बाई उघड्यावर येणार होती.

"साहेब," मी हात जोडले, "जायच्या आधी एवढं सांगा. बरोबर उत्तर काय?"

कप्तानाने मिशी पिळली.

"मोठमोठ्या पंडितांनी यावर ग्रंथ लिहिलेत..."

"ते झालं. पण तुम्हाला कळलंय?"

तो लाल झाला. पण माणूस खरा. "नाही!"

"पाद्रीबाबा, तुम्हाला?"

"नाही रे बाबा."

"मलाही नाही! मग सापडलं की, साहेब! आपण माणसं तीन, पण आपलं अज्ञान एकच!"

"काय?" कप्तान ओरडला.

"बघा ना! ह्याचे तुकडे नाहीत. तुमच्याकडे थोडं, माझ्याकडे थोडं, असं नाही, प्रत्येकाकडे अख्खं आहे! सोंगं म्हणाल तर तीही नाहीत, आपण तिघे वेगवेगळे समोरासमोर उभे आहोत. लहानमोठंही काही नाही. गावातल्या सगळ्यात आळशी माणसाचं अज्ञान आणि विद्यापीठातलं अज्ञान, अगदी बरोबरीचं! आणि फुंकर मारून बघायची असेल तर मला खुशाल गलबतावर पाठवा. इथलं अज्ञान तसूभरही कमी होणार नाही!"

रेमेदने कोंबडीची चोच धरून ठेवली.

मग कप्तान हसायला लागला. हसता हसता खुर्चीवर आपटला, तलवारीचा पट्टा सैल केला, डोळे पुसले आणि पुन्हा हसला. "खोली ह्याची! मरेपर्यंत ह्याची! आणि किल्ल्यावरून ह्याला दारूच्या तीन बाटल्या पाठवा. उंची दारू!"

संध्याकाळी पाद्रीबाबांनी माझ्या हातात एक बाटली ठेवली.

"पाद्रीबाबा, कप्तानसाहेब तीन म्हणाले होते!"

"बाकीच्या दोन आहेत की," पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले. "वरच्या फळीवर ठेवल्यात. शिडी विहिरीपाशी आहे."