खांबामागचा मोह

त्या मुलखातली लढाई केव्हाच संपली होती, पण वैर जपण्यासाठी अजून पहारा नेमलेला होता. कुत्री जिंकली होती, सांबरे हरली होती. जिथे शेवटची झुंज झाली त्या माळावर कुत्र्यांनी आपल्या मेलेल्यांसाठी काळ्या दगडाचा खांब उभारला आणि त्यावर प्रत्येकाचे नाव कोरले. सांबरांच्या मेलेल्यांसाठी कुठेच काही नव्हते. खांबामागे फक्त एक जुनाट मोह उभा होता, लढाईच्याही आधीपासूनचा, साऱ्या मुलखाला दुरून दिसणारा.

भुरी नावाच्या सांबरीला त्या झाडापर्यंत जायचे होते. तिचे पाडस चंद्या लढाईत त्याच्या बुंध्याशी मरून पडले होते. इतकी वर्षे सांबरांना माळावर बंदी होती. या विजयदिनी मात्र हुकूम निघाला, की जे सांबर खांबापुढे मान तुकवून सगळी नावे मोठ्याने वाचेल, त्याला झाडापाशी घटकाभर उभे राहता येईल.

"जाऊ नकोस," कळपातल्या थोरल्या सांबराने तिला परोपरीने विनवले. "त्यांना तुझी मान वाकलेली बघायचीय, दुसरं काही नाही."

भुरी तरी गेली.

माळ कुत्र्यांनी भरून गेला होता. ती दिसताच गुरगुर उठली. कुणी तिच्या अंगावर माती उडवली, कुणी मुद्दाम वाटेत आडवे पडले. पहाऱ्याचा नाईक भैरू खांबापाशी ताठ उभा होता.

"आणखी खाली," तो म्हणाला. तिने मान आणखी वाकवली. "हं. आता वाच. आणि ध्यानात ठेव, यांना तुम्हीच मारलंत."

"माझ्या पोराला शिंगंही फुटली नव्हती."

"वाच म्हटलं ना!"

भुरी वाचू लागली. प्रत्येक नाव तिच्या जिभेला कडू लागत होते. याने मारले असेल का चंद्याला? की याने? खालच्या ओळीतले 'टिप्या' हे नाव तिने उच्चारले, तशी गर्दीतून एक म्हातारी कुत्री धडपडत पुढे आली. तिचे नाव कबरी.

"परत म्हण," कबरी म्हणाली. "इथे दरसाल जयजयकार होतो. माझ्या लेकाचं नाव कुणी घेत नाही."

तिच्या डोळ्यांत माया नव्हती. भुरीच्याही नव्हती. तरी भुरी म्हणाली, "टिप्या."

म्हातारीचे कान खाली पडले. "तो लढायला गेलाच नव्हता गं," ती पुटपुटली. "मोहाची फुलं वेचून खायला गेला होता."

"माझाही," भुरीच्या तोंडून निघून गेले.

जवळच्यांनी ते ऐकले. माळ हळूहळू गप्प होत गेला. भैरूने एकदा खांबाकडे पाहिले, एकदा त्या दोघींकडे, आणि भुरीच्या मागच्या पायाचा लचका तोडला. मग सारी झुंडच तिच्यावर धावली. झाड हाकेच्या अंतरावर राहिले आणि भुरी लंगडत, ठेचकाळत माळाभोवती खणलेल्या चराबाहेर येऊन पडली.

धाप ओसरल्यावर तिने वळून पाहिले. आता ते म्हातारीला फाडतील, असे तिला वाटले होते. पण कबरीला कुणी स्पर्शही केला नव्हता. भैरूने पाथरवट साळिंदराला बोलावणे धाडले होते.

छिन्नीचा पहिला घाव टिप्याच्या नावावर पडला. दुसऱ्या घावाला मागून कुणीतरी ओरडले, "जय!" मग घावागणिक जयजयकार उठू लागला. दगडाची काळी भुकटी कबरीच्या नाकाडावर बसत होती. ती जागची हलली नाही.

तिच्या शेजारी एक दुसरी आई उभी होती. तिच्या मुलाचे नाव बरोबर वरच्या ओळीत होते. छिन्नीवर नजर खिळवून, घसा फुटेस्तोवर, ती सगळ्यांहून मोठ्याने ओरडत होती.