टिटवीला न दिसलेलं लपण

एका राज्यात, जिथं पाखरं माणसांशी बोलत, तिथं सुरंजन राजा राज्य करीत होता. त्यानं एका मांत्रिकाला दरबारातून हाकललं. मांत्रिकानं जाता जाता पाळण्यातल्या राजपुत्राचा हंस केला आणि राणी केतकावतीला बजावलं, "हिवाळ्यात तो तळ्यावर उतरेल. तू दिसलीस की उडेल. न दिसता हात लावलास तर तुझा. तिसरा हिवाळा सरला की कायमचा पाखरांचा."

दोन हिवाळे वाया गेले. शिकारी राणीला लपायला मचाण बांधीत, हंसांचा थवा वरूनच वळे. राणीला घास उतरेना. लेकरू थंडीत कुठं निजत असेल, पंखाखाली त्याला कोण घेत असेल, एवढंच मनात. तिसऱ्या हिवाळ्यात तिनं स्वतः कुदळ उचलली.

राजा म्हणाला, "राण्या कधी कुदळ धरतात?"

"आया धरतात."

तळ्याकाठी तिनं गळ्याइतका खड्डा खणला. वर लव्हाळ्याचं झाकण घातलं नि आत बसली. थव्याची राखणदार टिटवी आली, ओरडली. थवा फिरला.

टिटवी म्हणाली, "राणीसाहेब, दिसलं की ओरडणं हा माझा धर्म. न दिसलं तर ओरडणार नाही. पण दया म्हणून गप्प बसणार नाही."

"मी दया मागितलीच नाही. काय दिसलं ते सांग."

"ताज्या मातीचा ढीग."

राणीनं पाटीपाटीनं माती नेऊन खोल पाण्यात सोडली. दुसऱ्या पहाटे टिटवी पुन्हा ओरडली. "कापलेल्या लव्हाळ्यानं माना टाकल्यात." राणीनं मुळांसकट ओले गड्डे काढून छपरावर लावले. तिसऱ्या पहाटे टिटवी म्हणाली, "पावलं आत गेलीत, बाहेर आलेली नाहीत. उद्याची पहाट शेवटची. थवा उत्तरेला निघालाय."

राणीनं चिखल सारवून घेतला, जसं अंगण सारवावं. मग तळ्यातून चालत पाण्याच्या बाजूनं आत शिरली. झिरपलेलं पाणी हनुवटीला लागलं. दातांवर दात वाजू नयेत म्हणून तिनं पदर चावला.

टिटवी उतरली. काठ पाहिला, लव्हाळा पाहिला, थेट छपरावर चालली. मग म्हणाली, "या रे, निवांत या."

थवा उतरला. मुळांच्या फटीतून राणीला किती तरी पाय दिसले. एकाला काळा दोरा होता, दृष्ट लागू नये म्हणून तिनंच बांधलेला. तिनं वर हात घातला नि तो पाय धरला.

छपरासकट तीन वर्षांचं पोर तिच्या अंगावर कोसळलं, ओलं, रडत, चांगलंच जड.

टिटवी खड्ड्यात डोकावली. "माझ्या पायाखाली होतीस. आजवर मला कुणी चकवलं नव्हतं."

राजा धावत आला. "एकटीनं बांधलंस हे?" राणीनं फोड आलेले तळहात पुढं केले. राजानं भर काठावर मुजरा केला.

शिकाऱ्यांनी ते लपण बदकांसाठी मागितलं. राणी म्हणाली, "लेकरू आणायला खणलंय. बाण घेऊन तिथं कुणी बसायचं नाही."

कुणी बसलं नाही. पुढल्या उन्हाळ्यात टिटवीनं तिथंच अंडी घातली. राज्य सुखी झालं, तसं ऐकणाऱ्यांचंही घरटं भरलेलं राहो.