दाराशी उभा घोडा

“मग तो येतो तरी कुणासाठी?”

कादंबरीकार अनिरुद्ध चौबळ खाली बसायला तयार नव्हते. मठाच्या ओसरीवर नुसत्या येरझारा घालत होते. डोळे तांबारलेले. कालची रात्रही त्यांनी मुद्दाम जागून काढली होती.

म्हातारे निर्मळनाथ खांबाला टेकून बसले होते.

“कोण येतो?”

“घोडा. काळाभोर, वर स्वार नाही. रोज स्वप्नात येतो, माझ्या दाराबाहेर उभा राहतो. मी आतून कडी धरून ठेवतो... आणि दचकून जागा होतो.”

“बरं.”

“बरं काय, महाराज! माझ्या कादंबऱ्यांत ज्याच्या स्वप्नात घोडा आला, तो पुढच्या प्रकरणात गेला. घोडा म्हणजे मरण! वाचकांना हे मी शिकवलंय.”

“तुम्हाला कुणी शिकवलं?”

“...पुस्तकांनी.”

चौबळांनी आणखी दोन फेऱ्या मारल्या.

“स्टेशनापासून कसे आलात?” नाथांनी विचारलं.

“टांग्यानं.”

“टांग्याला काय जुंपलं होतं?”

चौबळ थबकले. वाटभर ते मागच्या बाजूला, उलट्या तोंडानं बसून आले होते.

“जा,” नाथ म्हणाले. “हात लावून या.”

“मी? मला... सवय नाही.”

“त्याच्या नावावर इतकी माणसं मारलीत. एकदा हात तरी लावा.”

अंगणात टांगेवाला पिंपळाखाली पडला होता. घोडी टांग्यातून सोडून बाजूला बांधलेली. चौबळांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा केला. तळव्याखाली तिची कातडी थरारली. त्यांचंही अंग थरारलं. घोडीनं मान वळवून त्यांची बाही हुंगली. ऊन ऊन श्वास मनगटावर आला.

ते बराच वेळ तिथंच उभे राहिले.

परतले ते ओसरीच्या पायरीवरच बसले.

“घामानं निथळतेय,” हलकेच म्हणाले. “दमलीय बिचारी.”

नाथांनी मान हलवली.

थोड्या वेळानं चौबळांचा पाय पुन्हा हलू लागला.

“महाराज... आज तो आला तर?”

“येईल.”

“आणि तो खरंच मरण असला तर?”

“असेल.”

“मग मी करू काय?”

नाथांनी डोळे मिटले.

“लांबून येतो तो. आधी पाणी दाखवा.”