मॅगपायला दिलेला शब्द

एक होती सून. नाव तिचं ऋजुता. सात समुद्रांपलीकडे, ऑस्ट्रेलियातल्या एका नदीकाठच्या गावी राहायची. भित्री इतकी, की कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची.

त्या गावी अंगणात कांगारू चरतात, बरं का, आणि छपरावर पॉसम धुडगूस घालतात. त्यांची तिला सवय झाली. भीती होती ती दारच्या निलगिरीवरच्या मॅगपायची. काळीपांढरी पाखरीण, चोच ही एवढी! घरट्यात पिल्लं असली, की ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेपावते. ऋजुता डोक्यावर पातेलं धरून पळायची. शेवटी तिने गुपचूप झाड तोडायलाच माणूस सांगितला. तो म्हणाला, उद्या येतो.

त्याच दिवशी नेमकी माईंची, म्हणजे तिच्या गेलेल्या सासूबाईंची, तिथी. पितृपक्ष ना! मग खीर झाली, वडे झाले, पान वाढून कुंपणावर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही.

कावळा आला. मॅगपायने त्याला पिटाळलं. मग काकाकुवा आले. त्यांनाही पिटाळलं. मग कुकाबरा आला. तो लांबूनच खो खो हसला आणि गेला उडून.

ऊन कललं. सासरे, तात्या, उपाशी. त्यांचा मुलगा, म्हणजे ऋजुताचा नवरा निरंजन, म्हणाला, गवताचा कावळा करून शिववू, पण तुम्ही जेवा.

तात्या म्हणाले, "ती उपाशी असताना मी कधी जेवलोय का?"

मग ऋजुता उठली. पातेलं न घेताच झाडाखाली जाऊन उभी राहिली. मॅगपाय खालच्या फांदीवर उतरली आणि चक्क मराठीत बोलली. तिला मराठी कुठून आली? अरे, तुळशीला पाणी घालता घालता माईच तिच्याशी गप्पा मारायच्या ना!

"माई हळू चालायच्या, बोलून पुढे जायच्या," मॅगपाय म्हणाली. "तू नुसती पळतेस. पळणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. माझ्या पिल्लांना अजून पंख फुटायचेत, बाई."

ऋजुताची मान खाली गेली. "मी तर उद्या हे झाडच पाडणार होते."

मॅगपायने पिसं फुगवली. "आणि आता?"

"आता नाही. माईंच्या पानासमोर सांगते, माझ्या हयातीत या झाडाला करवत लागणार नाही."

मॅगपाय उडाली, आणि घरट्यात जाऊन पंख मिटून बसली. मग कावळा आला. इकडेतिकडे बघत त्याने वडा उचलला.

आत तात्यांनी पहिला घास घेतला. खिरीत साखर कमी आहे म्हणाले, आणि दोन वाट्या खाल्ल्या.

तेव्हापासून झाडाखालचे झाडाखाली आणि झाडावरचे झाडावर, सगळे सुखाने नांदले. पिल्लं केव्हाच निजली तिकडे. ओढा पांघरूण आता, तुम्हीही निजा.